मूळ कुठलं, अट्ठकथा कुठली: एका गाथेला धरून बौद्ध ग्रंथ वाचायची पद्धत

किसागोतमीची गोष्ट महाराष्ट्रात माहीत नसलेला माणूस विरळाच. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. ज्या घरात कुणीच मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, असं बुद्ध तिला सांगतात, आणि दारोदार फिरून तिला जे कळायचं ते कळतं. पण ही गोष्ट ग्रंथात नेमकी कुठे आहे, असं विचारलं की बहुतेक जण थबकतात. थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या गाथांच्या ग्रंथात, तिच्या नावावर गाथा आहेत. संयुत्तनिकायात ती एकटी झाडाखाली बसलेली असताना मार, म्हणजे मोहात पाडणारी दुष्ट शक्ती, तिला म्हणतो, की मूल गेलेल्या बाईसारखी रडवेली होऊन अशी का बसलीस. अपदान नावाच्या, बराच उशिरा रचलेल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात मोहरीचा उल्लेख ओझरता येतो. आणि आपण मुलांना सांगतो ती सगळी गोष्ट, तिच्या सासरपासून त्या दारोदारच्या फेरीपर्यंत, सापडते ती धम्मपदाच्या आणि थेरीगाथेच्या अट्ठकथेत, म्हणजे मूळ वचनांचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथांत, आणि तेही मूळ लिहून झाल्यानंतर काही शतकांनी.

यामुळे गोष्ट खोटी ठरत नाही. पण सुत्तात, म्हणजे मूळ उपदेशात, कोण बोलतं, अट्ठकथेत कोण बोलतं आणि आपल्यापर्यंत आलेल्या सांगण्यात कोण बोलतं, हे वेगळं ओळखता आलं की वाचन एकदम खोल जातं. ते कसं ओळखायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. त्यासाठी एकच गाथा घेऊ आणि तिला धरून पालीपासून चिनी-तिबेटीपर्यंत जाऊन येऊ.

आधी शब्द नीट समजून घ्या

अट्ठकथा म्हणजे आठ कथा नव्हेत. पालीत ‘अट्ठ’ या शब्दाचा अर्थ आठही होतो आणि ‘अर्थ’ही होतो, इथे अर्थ घ्यायचा. मूळ वचनाचा अर्थ सांगणारं ते कथन, ती अट्ठकथा. अट्ठकथेवर जे स्पष्टीकरण लिहिलं गेलं ती टीका. रोजच्या मराठीत टीका म्हणजे कुणाला नावं ठेवणं, पण ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो त्या अर्थाने इथली टीका समजा. म्हणजे मूळ, त्यावर अट्ठकथा, तिच्यावर टीका, अशी एकावर एक माळ्यांची इमारत.

मात्र या इमारतीच्या भिंती सरळ नाहीत. खुद्द तिपिटकातच, म्हणजे पालीतल्या मूळ धर्मग्रंथांच्या संग्रहातच, एक ग्रंथ असा आहे जो सबंध अर्थ सांगण्यासाठीच आहे. त्याचं नाव निद्देस. सुत्तनिपातातल्या अट्ठकवग्ग आणि पारायनवग्ग या दोन भागांवर आणि खग्गविसाणसुत्तावर तो शब्दाशब्दाने अर्थ देतो. जातकाचं याच्या उलट आहे. आपण ‘जातककथा’ म्हणून वाचतो तो सगळा गद्य भाग अट्ठकथेचा आहे, मूळ तिपिटकात फक्त गाथा आहेत. ५४७ जातकांपैकी एखाद्यातल्या नुसत्या गाथा वाचून बघा, गोष्ट कळत नाही. तिथे अट्ठकथेशिवाय पाऊल टाकता येत नाही, हेही तितकंच खरं.

तीन मोठी भांडारं

पाली तिपिटक हे थेरवाद परंपरेचं भांडार: विनय म्हणजे संघाचे नियम, सुत्त म्हणजे उपदेश आणि अभिधम्म म्हणजे तत्त्वचर्चा. सुत्तपिटकात दीघनिकायातली ३४ सुत्तं, मज्झिमनिकायातली १५२, विषयवार रचलेले संयुत्ताचे ५६ गट, एकापासून अकरापर्यंत आकड्यांनी मांडलेला अंगुत्तर, आणि १५ लहानमोठ्या ग्रंथांचा खुद्दक. धम्मपद त्या खुद्दकातलंच. हे सगळं शतकानुशतकं पाठ करून टिकवलं गेलं आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, श्रीलंकेत लिहून काढलं गेलं. मातलेजवळच्या आलुविहारात हे काम झालं असं परंपरा सांगते.

दुसरं भांडार चिनी. तिथे जुन्या सुत्तांना ‘आगम’ म्हणतात. दीर्घ, मध्यम, संयुक्त आणि एकोत्तर असे चार. भारतातल्या वेगवेगळ्या संप्रदायांच्या पोथ्यांवरून चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात ते चिनी भाषेत उतरले. त्यांच्या शेजारी महायान सूत्रांचा प्रचंड संग्रह आहे. कुमारजीवाने ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक चिनीत आणलं. सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग पुढे आयुष्याच्या शेवटी ६०० भागांची प्रज्ञापारमिता चिनीत आणून गेला. आज अभ्यासक वापरतात ती आवृत्ती तोक्योला १९२४ ते १९३४ या काळात छापली गेली. तिला तैशो म्हणतात.

तिसरं तिबेटी. त्याची मांडणी मला फार आवडते, कारण आपण जो प्रश्न धरून बसलो आहोत तोच त्यांनी कपाटात उतरवला आहे. कांग्युर म्हणजे बुद्धवचनाचा अनुवाद, तेंग्युर म्हणजे आचार्यांच्या शास्त्रांचा आणि टीकांचा अनुवाद. कोण बोलतं यावरूनच दोन कपाटं. नागार्जुन, वसुबंधु, चंद्रकीर्ती, धर्मकीर्ती सगळे तेंग्युरमध्ये. यातली कितीतरी मूळ संस्कृत पुस्तकं भारतात नाहीशी झाली आणि तिबेटीत टिकली.

हाताशी काय ठेवायचं

पालीसाठी देवनागरीत वाचणाऱ्याची चंगळ आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची, म्हणजे पाठ तपासायला भरलेल्या भिक्खूंच्या सहाव्या सभेची, आवृत्ती देवनागरीत आणली. ती तिपिटक डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर फुकट वाचता येते, आणि तिथे मूल, अट्ठकथा, टीका आणि ‘अञ्ञ’ म्हणजे इतर, असे विभाग आधीच पाडलेले आहेत. छापील हवी असेल तर भिक्खू जगदीश काश्यपांची ४१ खंडांची नालंदा आवृत्ती जुन्या ग्रंथालयांत मिळते. मुंबई विद्यापीठाने ना. के. भागवतांच्या संपादनाखाली काढलेली देवनागरी पाली पुस्तकं कुठे रद्दीत दिसली तर सोडू नका. समांतर सुत्तं शोधायला सुत्तसेंट्रल हे संकेतस्थळ. महायान ग्रंथांच्या संस्कृत संहिता हव्या असतील तर दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठाच्या मालिकेत प. ल. वैद्यांनी संपादलेले खंड. वैद्य पुण्याचे. अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता, ललितविस्तर, बोधिचर्यावतार, नागार्जुनाची मध्यमककारिका हे सगळं त्यांच्या हातून देवनागरीत आलं.

आणि एक वही. तिच्याविषयी पुढे सांगतो.

पहिलं काम: गाथा मोठ्याने वाचा

संयुत्तनिकायाच्या अगदी सुरुवातीच्या देवतासंयुत्तात, तेविसावं सुत्त. नाव जटासुत्त. कुणीतरी विचारतं:

अन्तो जटा बहि जटा, जटाय जटिता पजा।
तं तं गोतम पुच्छामि, को इमं विजटये जटं॥

उत्तर येतं:

सीले पतिट्ठाय नरो सपञ्ञो, चित्तं पञ्ञञ्च भावयं।
आतापी निपको भिक्खु, सो इमं विजटये जटं॥

दोन-तीनदा मोठ्याने म्हणा. हे पाठांतरासाठी रचलेलं वाङ्मय आहे, नजर फिरवून ते हाती लागत नाही. ‘जटा’ आणि तिचीच रूपं प्रश्नात सहा वेळा कशी आपटत येतात ते कानाला कळतं, डोळ्याला कळत नाही.

मग अट्ठकथा न उघडता, मराठीच्या बळावर जेवढं लागतं तेवढं लावा. आपल्याला बरंच लागतं. पजा म्हणजे प्रजा. पतिट्ठाय म्हणजे प्रतिष्ठित होऊन, पाय रोवून. भावयं म्हणजे वाढवत असलेला. विजटये म्हणजे गुंता सोडवील. आतापी, ज्याच्यात ताप आहे, धग आहे असा. निपक अडतो, तो वहीत प्रश्नचिन्ह टाकून सोडा. एवढ्यावर एक कच्चा मराठी अर्थ लिहा: “आत गुंता, बाहेर गुंता, गुंत्यात गुंतली आहे ही प्रजा. गौतमा, तुला विचारतो, हा गुंता कोण सोडवील?” आणि “शीलावर पाय रोवून, चित्त आणि प्रज्ञा वाढवत, जो शहाणा, धगीचा, निपक भिक्खू आहे, तो हा गुंता सोडवील.”

हा कच्चा अर्थ खोडू नका. अट्ठकथा वाचल्यावर काय बदललं ते दिसायला तो लागणार आहे.

अजून एक. सुत्त इथे संपत नाही. पुढे दोन गाथा आहेत. ज्यांचा राग, द्वेष आणि अविद्या विरली त्या अरहंतांचा गुंता सुटलेला आहे, असं पहिली सांगते. जिथे नाम आणि रूप निःशेष थांबतात तिथे हा गुंता तुटतो, असं दुसरी. म्हणजे कोण सोडवील याचंच उत्तर नाही, कुठे तुटतो याचंही आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या पायरीवर जो मोठा ग्रंथ आपण उघडणार आहोत तो सुरू होतो फक्त ‘सीले पतिट्ठाय’ या उत्तराच्या पहिल्या गाथेवर. पुढच्या दोन कळायला मुळाकडेच यावं लागतं. सुत्त वाचताना मध्ये ‘…पे…’ दिसलं तर घाबरू नका. आधी आलेला मजकूर पुन्हा तसाच म्हणायचा, एवढीच ती खूण. पेय्याल म्हणतात तिला.

दुसरं काम: अट्ठकथा उघडा

पाचव्या शतकात बुद्धघोष अनुराधपुरच्या महाविहारात गेले. तिथे सिंहली भाषेत जुन्या अट्ठकथा होत्या. त्यावरून त्यांनी पालीत नव्याने रचना केली: विनयावर समन्तपासादिका, दीघावर सुमङ्गलविलासिनी, मज्झिमावर पपञ्चसूदनी, संयुत्तावर सारत्थप्पकासिनी, अंगुत्तरावर मनोरथपूरणी. पण त्याआधी त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, विसुद्धिमग्ग. २३ परिच्छेद. पहिले दोन शीलावर, तिसऱ्यापासून तेराव्यापर्यंत समाधीवर, उरलेले प्रज्ञेवर. आणि हा सगळा ग्रंथ आपल्या त्या एका गाथेचा विस्तार आहे. ‘सीले’ म्हणजे दोन परिच्छेद, ‘चित्तं’ म्हणजे अकरा, ‘पञ्ञं’ म्हणजे दहा. इतका मोठा ग्रंथ दोन ओळींतून उगवलेला पाहून मी पहिल्यांदा बराच वेळ पान उलटलंच नव्हतं.

अट्ठकथा वाचायची खुबी अशी. तिथे मुळातला शब्द उचलून त्याला ‘ति’ लावलेला असतो, ‘जटाति’, ‘सीले पतिट्ठायाति’. हा ‘ति’ म्हणजे अवतरणचिन्ह. ति दिसला की समजायचं, अलीकडचं मूळ, पलीकडचं अट्ठकथाकाराचं. एवढं डोळ्यात बसलं की अर्धी लढाई जिंकलात.

आता विसुद्धिमग्गात जटेचं काय म्हटलंय बघा. जटा हे तृष्णेचं नाव आहे. रूपादी विषयांत ती वर-खाली पुन्हा पुन्हा उपजते आणि सगळं शिवून टाकते, वेळूच्या बेटात फांद्यांचं जाळं व्हावं तशी. वेळुगुम्ब हा मूळ शब्द. आपण कच्च्या अर्थात केसांचा किंवा दोऱ्याचा गुंता डोळ्यासमोर आणला होता. कोकणात किंवा मावळात ज्याने दाट कळकाचं बेट पाहिलंय, त्याला एका क्षणात कळेल की चित्र किती बदललं. दोऱ्याचा गुंता बोटांनी सुटतो. कळकाच्या बेटातला एक बांबू तोडला तरी तो खाली पडत नाही, शेंडे शेंड्यांत अडकलेले असतात. तिथे हत्यार लागतं.

आणि अट्ठकथाकाराने ते हत्यार दिलंय. जमिनीवर उभा राहून, चांगलं धार लावलेलं शस्त्र उचलून माणूस जसं मोठं वेळूचं बेट मोकळं करील, तसा हा भिक्खू. शील ही त्याची उभं राहायची जमीन. समाधी ही धार लावायची शिळा. विपश्यनेची प्रज्ञा हे शस्त्र. वीर्य, म्हणजे उद्यम, हे बळ. आणि ज्या हाताने ते शस्त्र धरायचं तो हात म्हणजे पारिहारिक प्रज्ञा, रोजच्या व्यवहारात काय करावं काय टाळावं ते कळणारी जाण. आपल्याला अडलेला ‘निपक’ तो हाच. प्रश्नचिन्ह खोडा.

इथे अट्ठकथा आणखी एक बारीक गोष्ट दाखवते. या दोन ओळींत प्रज्ञा तीनदा आली आहे. ‘सपञ्ञो’ मधली जन्मतः असलेली, ‘पञ्ञञ्च’ मधली विपश्यनेची, आणि ‘निपको’ मधली व्यवहारातली. कच्च्या अर्थात आपण ‘शहाणा’ लिहून मोकळे झालो होतो. ‘चित्तं’ म्हणजे समाधी, हेही तीच सांगते. आत आणि बाहेर म्हणजे काय? आपल्या वस्तू आणि दुसऱ्याच्या वस्तू, आपला देह आणि दुसऱ्याचा देह, आतली इंद्रियं आणि बाहेरचे विषय, या दोन्हींकडे तृष्णा उपजते म्हणून.

तर मग हे सगळं बुद्धांनी सांगितलं का? नाही. वेळूचं बेट, शिळा आणि शस्त्र हे मुळात नाही. मुळात ‘जटा’ आहे आणि ‘विजटये’ आहे. उरलेलं एका अतिशय समर्थ वाचकाने, आपल्या आधीच्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, परंपरेच्या आधाराने, उघडून दाखवलेलं आहे. त्याचं मोल कमी नाही. पण भाषणात “बुद्ध म्हणतात, समाधी ही शिळा आहे” असं म्हणू नका. “विसुद्धिमग्गात म्हटलंय” असं म्हणा.

तिसरं काम: ‘किर’ शोधा

विसुद्धिमग्गाच्या सुरुवातीला, हा प्रश्न कुणी विचारला ते सांगताना वाक्य येतं: ‘भगवन्तं किर सावत्थियं विहरन्तं’. भगवान श्रावस्तीत राहत असताना रात्री एक देवपुत्र आला, वगैरे. त्यातला ‘किर’ हा छोटा शब्द फार मोलाचा. किर म्हणजे मराठीतला ‘म्हणे’. आजी गोष्ट सांगताना म्हणते ना, “तिथे एक तळं होतं म्हणे”. सांगणारा इमानदार आहे. मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतोय, हे तो एका शब्दात कबूल करतो. अट्ठकथांतल्या गोष्टी वाचताना किरवर पेन्सिलीने गोल करत जा. तसंच ‘पोराणा’ आले की थांबा. ‘तेनाहु पोराणा’, म्हणजे ‘म्हणून जुने लोक म्हणाले’. तिथे बुद्धघोषांच्याही मागचा आवाज ऐकू येतो.

संस्कृतात याचाच भाऊ ‘किल’. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात कारिका, म्हणजे मूळ श्लोक, वैभाषिक नावाच्या संप्रदायाच्या मताचे आहेत, पण जिथे त्याला ते मत पटत नाही तिथे तो कारिकेत हळूच ‘किल’ टाकतो, आणि मग स्वतःच लिहिलेल्या भाष्यात त्या मताला प्रश्न विचारतो. यशोमित्राने पुढे स्फुटार्था नावाच्या व्याख्येत हा किल दाखवून दिला आहे. म्हणजे कारिका आणि भाष्य एकाच माणसाचं, पण आवाज दोन. नुसत्या कारिका वाचून “वसुबंधूचं मत असं” असं लिहिणाऱ्यांची फसगत इथेच होते.

चौथं काम: शेजारच्या परंपरेत डोकावून या

आपल्या जटासुत्ताचं भावंड चिनी संयुक्त आगमात आहे. चिनी येत नसेल तरी सुत्तसेंट्रलवर समांतर यादी उघडून ते आहे एवढं पाहा आणि इंग्रजी अनुवाद मिळाला तर वाचा. जे दोन्हीकडे सारखं ते फार जुनं असण्याचा संभव मोठा. जे एकीकडेच आहे ते लगेच उपरं ठरत नाही, पण थोडं सावकाश घ्यायचं.

याहून रंजक तुलना विसुद्धिमग्गाचीच आहे. त्याच्या आधीचा, त्याच धर्तीचा विमुत्तिमग्ग नावाचा ग्रंथ उपतिस्साच्या नावावर आहे. तो टिकला तो ५१५ मध्ये संघपालाने केलेल्या चिनी अनुवादात. पुण्याच्या पु. वि. बापटांनी पाली आणि चिनी दोन्ही पुढ्यात घेऊन या दोन ग्रंथांची तुलना १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही ग्रंथ एकेका गाथेवर उभे आहेत, पण गाथा वेगळ्या. विमुत्तिमग्ग घेतो ती महापरिनिब्बानसुत्तातली, ‘सीलं समाधि पञ्ञा च, विमुत्ति च अनुत्तरा’. तिथे चार पायऱ्या. जटागाथेत तीन. कुठली गाथा दाराशी ठेवली यावरून घराची आखणीच बदलते.

महायानाच्या टीका वाचायला बसाल तेव्हा चाल वेगळी असते. चंद्रकीर्तीची प्रसन्नपदा उघडा, नागार्जुनाच्या २७ प्रकरणांवरची. तिथे शब्दार्थापेक्षा वाद जास्त आहे. ‘अत्राह’ आलं की समोरचा बोलतोय, ‘उच्यते’ आलं की आचार्य. वहीत दोन्ही वेगळे लिहिले नाहीत तर प्रतिपक्षाचं मत नागार्जुनाच्या तोंडी घालून बसाल. नवख्याने मात्र इथे थेट उडी घेऊ नये. शांतिदेवाचा बोधिचर्यावतार आधी घ्या. त्यातला क्षान्तीचा, म्हणजे सहनशीलतेचा, सहावा परिच्छेद वाचताना कुणाला टीका लागत नाही, आणि प्रज्ञेचा नववा परिच्छेद लागला की प्रज्ञाकरमतीची पंजिका उघडल्याशिवाय गती नाही. एकाच पुस्तकात टीकेची गरज कधी असते, कधी नसते, ते कळतं. तांत्रिक ग्रंथांविषयी एवढंच म्हणेन, की ते गुरूपाशी बसून घ्यायचे ग्रंथ आहेत, त्यांची परंपराच तसं सांगते.

नाजूक जागा

ही पद्धत हाती आली की एका प्रसंगावर चालवून बघा: सिद्धार्थाने घर का सोडलं. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं सगळ्यांना ठाऊक. दीघनिकायातल्या महापदानसुत्तात ती सविस्तर आहेत, पण विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाबद्दल. बुद्धवंसात गौतमाच्या तोंडी अर्धी ओळ आहे, ‘निमित्ते चतुरो दिस्वा’. फुलवलेली कथा जातकट्ठकथेच्या निदानकथेत, म्हणजे तिच्या प्रास्ताविक भागात. आणि मज्झिमातल्या अरियपरियेसनसुत्तात बुद्ध स्वतःबद्दल सांगतात ते असं: आईवडिलांची इच्छा नसताना, ते अश्रूंनी भिजल्या तोंडाने रडत असताना, केस-दाढी उतरवून मी घर सोडलं. रात्र, झोपलेली माणसं, कंथक घोडा, यातलं तिथे काही नाही. सुत्तनिपाताच्या अत्तदण्डसुत्तात आणखी एक कारण येतं: थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी भांडणारी प्रजा पाहून मला भय वाटलं.

धर्मानंद कोसंबींनी हे सगळे थर मराठी वाचकापुढे एकाशेजारी एक मांडले. बाबासाहेबांनीही आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार दृश्यांचं कारण पटत नाही असं स्पष्ट म्हटलं आणि रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेला तंटा पुढे ठेवला. वर्षावासात विहारात त्या ग्रंथाचं वाचन चालतं तेव्हा, त्या प्रकरणाच्या दिवशी अरियपरियेसन आणि अत्तदण्ड ही दोन सुत्तं मुळातून वाचा. चर्चा वेगळी होते, आवाज चढत नाहीत. कारण मग वाद श्रद्धेचा राहत नाही, कुठल्या थरात काय लिहिलंय याचा होतो, आणि ते पान उघडून दाखवता येतं.

वही

डाव्या पानावर मूळ, काळ्या शाईने, आणि शेजारी पत्ता: निकाय, संयुत्त किंवा वग्ग, सुत्ताचा क्रमांक. पत्ता नसलेलं वचन वहीत घेऊच नका, कितीही सुंदर असो. उजव्या पानावर निळ्या शाईने अट्ठकथा. टीकेतलं काही घेतलं तर त्याच्या खाली, आत सरकवून. आणि आपल्याला जे सुचतं ते पेन्सिलीने, कारण तेच सगळ्यात जास्त खोडावं लागणार आहे. दिवसाला एक गाथा पुष्कळ झाली. सुरुवात धम्मपदाने करा, ४२३ गाथा आहेत. मग सुत्तनिपातातले अट्ठकवग्ग आणि पारायनवग्ग, सोबत निद्देस. मग मज्झिमातली निवडक सुत्तं. अभिधम्माच्या सात ग्रंथांना वर्षभर तरी हात लावू नका.

कोसंबींची अशीच वही कशी असेल, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. गोव्यातल्या साखवाळला १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस पालीसाठी १९०२ मध्ये श्रीलंकेत पोचला. पुढे हार्वर्डला जाऊन त्यांनी वॉरन या अमेरिकन अभ्यासकाचं अपुरं राहिलेलं विसुद्धिमग्गाचं संपादन हाती घेतलं. तो खंड छापून आला १९५० मध्ये, ते जाऊन तीन वर्षं झाल्यावर. त्याआधी त्यांनी त्याच ग्रंथावर पालीत स्वतःची दीपिका लिहिली होती. म्हणजे सुत्तातली एक गाथा, तिच्यावर बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग, त्यावर धम्मपालांची महाटीका, आणि त्याच ग्रंथावर एका गोव्याच्या माणसाची दीपिका.

आता हे तुम्ही स्वतः करा. संयुत्तनिकायाच्याच ब्राह्मणसंयुत्तात सहावं सुत्त उघडा. तीच गाथा, तोच प्रश्न, शब्दही तेच. पण विचारणारा देवपुत्र नाही, भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण आहे, आणि सुत्ताच्या शेवटी तो अरहंत होतो. त्याचं नाव दिलंय जटाभारद्वाज. हे नाव त्याला कुठून मिळालं, ते अट्ठकथेत एका ओळीत सांगितलं आहे. ती ओळ शोधा आणि निळ्या शाईने उतरवा.